सुधारलेला डोळा

ता. ९, मंगळवार

ती. ताईला धाकटीचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही दोघंही बरे असाल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढताना कठड्याला धरा, उगाच तरुणपणा दाखवू नका.

तू म्हणशील, हिला पत्र लिहायची हुक्की कुठून आली. फोनवर बोलता येत नाही गं. आमची एकच खोली, आणि सासूबाई हाताच्या अंतरावर. त्यांना कमी ऐकू येतं असं त्याच सांगतात, पण नको ते बरोबर ऐकू येतं. म्हणून दुकानात बसून लिहितेय. जेवणाची सुट्टी आहे. मालक, म्हणजे आमचे काका, बाकावर आडवे झालेत. ठमी पुठ्ठ्यांच्या ढिगाशेजारी गोधडीवर झोपलीये, तोंड उघडं टाकून, अगदी बापासारखी. माझं अक्षर तुला माहीत आहे. सातवीत शाळा सुटली ती सुटली, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तू पाठवलेल्या रंगीत पेन्सिली अजून सगळ्या आहेत. छत्तीसच्या छत्तीस. काळीला तर मी टोकसुद्धा काढलं नाही. काका काळी वापरू देत नाहीत. म्हणतात, माणसाच्या तोंडावर काळं काही नसतं, बुबुळसुद्धा नाही. आधी गडद तपकिरी, त्यावर गडद निळी, परत तपकिरी. मग ते ओलं दिसतं, जिवंत दिसतं.

तुला दुकानातलं नीट कधी सांगितलंच नाही. दोन वर्षं आपण बोलत कुठे होतो? फ्रेमचं दुकान आहे. मी काचा पुसायला, पुठ्ठे कापायला म्हणून कामाला लागले होते. काका फोटोवरून चेहरे काढून देतात, रंगीत पेन्सिलींनी, अगदी हुबेहूब. लोक गेलेल्या माणसांचे फोटो आणतात, लग्न ठरलेल्या मुलींचे आणतात. बघता बघता मीही शिकले. आता केस आणि कपडे काका करतात, डोळे-नाक-ओठ माझ्याकडे. काका म्हणतात, तुझा हात हलका आहे, पोळ्या कशा लाटतेस देव जाणे.

नाकाला रेघ मारायची नाही, ताई. रेघ मारली की नाक चिकटवल्यासारखं दिसतं. बाजूला नुसती सावली धरायची, नाक आपोआप वर येतं. वरचा ओठ गडद, खालचा उजळ. कातडीला आधी फिकट पिवळा, मग गुलाबी, मग तपकिरी, आणि हनुवटीखाली चिमूटभर हिरवा. हिरवा म्हटल्यावर मी हसले होते, पण लागतो. आणि डोळ्यातला उजेडाचा ठिपका रंगवायचा नसतो. तिथे कागद कोरा सोडायचा. एकदा तिथे रंग गेला की कितीही खोडा, पांढरं परत येत नाही.

आणि एक. आम्ही चेहरे सुधारून देतो. कुणाचा डोळा तिरका, कुणाचा दात पडलेला, कुणाला देवीचे व्रण. गिऱ्हाईक सांगतं, तेवढं बघा हं. नाही सांगितलं तरी आम्ही बघतो. काका म्हणतात, आपलं दुकान म्हणजे आरसा नाही, पावडरचा डबा आहे. आता हाताला अशी सवय लागलीये की डोळ्याला वाकडं दिसतं आणि हात सरळ काढतो.

हे सगळं मी का सांगतेय? सांगते. थांब, ठमी उठली.

(परत बसले. दूध पाजलं. आता ती जुन्या फुटपट्टीशी खेळतेय.)

ठमीचं जे चित्र मी तुला पाठवलं, ते तू भिंतीवर लावलंस म्हणालीस. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतेस म्हणालीस. ह्यांनाही आवडलं होतं. म्हणाले, नाक माझं दिलंयस होय हिला, तिथे जरा कंजूषपणा करायचास. तू पत्रात लिहिलंस, डोळे अगदी आपल्या आईचे. ते वाक्य मी किती वेळा वाचलं. मला आनंद व्हायला हवा होता.

ताई, ते चित्र खोटं आहे.

त्या दिवशी दुपारी मी ठमीला ह्याच खिडकीत बसवलं होतं. उजवा डोळा छान झाला. डावा करायला घेतला. तिनं मान वळवली, आणि बुबुळाच्या आत मधोमध फिकट पांढरं काहीतरी चमकलं. पिवळट पांढरं. बाहेरचा उजेड असा दिसत नाही, तो वर बसतो, काचेवर बसल्यासारखा. हे आतून होतं. मला वाटलं, काचांच्या ढिगावरून उजेड उडतोय. काचा हलवल्या. तिला दुसऱ्या खिडकीत नेलं. तिथेही दिसलं. मग तिनं माझ्याकडे सरळ बघितलं, आणि गेलं.

मी काय केलं माहितीये? गडद तपकिरी घेतली आणि भरून टाकलं. वर निळी. दोन्ही डोळे सारखे केले. हात चालला आणि मी चालू दिला.

नुसती हाताची सवय म्हणून नाही. तुझ्याशी खोटं बोलून काय करू? दोन वर्षांनी तू पेन्सिली पाठवल्यास, लिहिलंस की भाचीचं तोंड बघू दे. लग्नाच्या वेळी तू म्हणाली होतीस, ह्या उडाणटप्पूबरोबर तुझं काही धड होणार नाही. मला वाटलं, हे चित्र असं गेलं पाहिजे की ताईनं बघितलं की म्हणावं, धाकटीचं सगळं धड आहे. पोरीचा डोळा कसातरीच दिसतोय असं चित्र मी तुला कसं पाठवणार होते?

त्यानंतर ते मला दिसायचं. रोज नाही. दाराशी खेळताना, कधी आंघोळीला. मी दुसरीकडे बघायचे. सासूबाईंना एकदा नुसतं विचारलं, तर म्हणाल्या, "लेकरांचे डोळे चमकायचेच. मांजराचे नाही चमकत?" मला तेवढंच हवं होतं. त्यांची कुठलीच गोष्ट मी कधी इतक्या पटकन ऐकली नसेल.

गेल्या बुधवारी दुकानात एक बाई आली. शिवणकाम करते, हातात फोटो होता. तीनेक वर्षांचा मुलगा, टोपी घातलेला, हसतोय. एक डोळा काळा, एक पांढरा. बाई काकांना म्हणाली, "एवढा डोळा सारखा करून द्या." काकांनी सवयीनं फोटो माझ्याकडे सरकवला.

मी विचारलं, "फोटोत असा आलाय का?"

ती म्हणाली, "आम्हालाही तसंच वाटलं होतं. फोटो खराब आलाय. दुसरा काढला, तोही तसाच. मग म्हटलं, फोटोवाल्यालाच काही येत नाही. वर्ष घालवलं आम्ही फोटोवाल्याला शिव्या देण्यात."

मी पुढचं विचारलं नाही. तिनंच सांगितलं. आत गाठ होती. डॉक्टरांनी डोळा काढून टाकला, पण ती तोवर डोक्यात पोचली होती. बाई रडत नव्हती, ताई. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. जाताना ठमीच्या गालाला हात लावून गेली. मला तिचा हात झटकून टाकावासा वाटला. असं वाटल्याची अजून लाज वाटते.

घरी येऊन मी ठमीला मांडीवर घेतलं. तिचा डावा डोळा हातानं झाकला. ती फुटपट्टी चावत बसली, तिला फरकच पडला नाही. मग उजवा झाकला. तिनं किंचाळून माझा हात ओढला. मी परत केलं. परत किंचाळली. तिसऱ्यांदा माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. घरी सांगितलं, लस टोचायचीये. बाईंनी खोली अंधारी करून बॅटरी मारली. आधी ठमीशी बोबडं बोलत होत्या. मग बोलायच्या थांबल्या. चिठ्ठी लिहिली, डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावून येत्या सोमवारची, पंधरा तारखेची वेळ घेतली, त्याआधीची मिळेना. म्हणाल्या, लहान मुलांनाही मोतीबिंदू असतो, तो असला तर सोपं. "आणि नसला तर?" म्हटलं. म्हणाल्या, "नसला तर एकेक दिवस महत्त्वाचा. कधीपासून दिसतंय?"

मी म्हणाले, "आठ दिवस झाले असतील."

सात आठवडे झालेत. डॉक्टरीणबाईंनी आठ दिवस असं लिहून घेतलं, माझ्यासमोर.

मला भीती वाटते गं. भाकरी थापताना वाटते, काच कापताना वाटते. काल दोन काचा फोडल्या. काका काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही कळलंय की काहीतरी आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ते लिफ्ट बसवायच्या कामावर परगावी आहेत, शनिवारी येतील. तेव्हा सांगेन. ते ओरडणार नाहीत, मला माहीत आहे. तू त्यांना उगाच नावं ठेवलीस, ते गप्प बसतील आणि पोरीला घेऊन फेऱ्या मारतील. ते मला ओरडण्यापेक्षा कठीण जाईल.

हे पत्र मी खरं तर ते चित्र फाडून टाक असं सांगायला लिहायला घेतलं होतं. चित्राच्या पाठीमागे मी माझ्या हातानं तारीख घातलीये ना. ती कुणी बघू नये, एवढंच डोक्यात होतं. इथपर्यंत लिहिलं आणि ठमी रांगत येऊन माझ्या पायाशी उभी राहिली. मान वळवून बघते आता ती, तुला सांगितलं का? समोरचं काही घ्यायचं असलं की उजवा डोळा पुढे करते. मला वाटायचं, लाडात येतेय.

तर फाडू नकोस. रविवारी ये. भाऊजींचा गुडघा दुखत असला तरी त्यांना शेजारणीच्या भरवशावर ठेव आणि ये. पत्र दोन दिवसांत पोचतं. सोमवारी सकाळी दहाला जायचंय. ह्यांच्या कडेवर ठमी असेल आणि माझ्याबरोबर कुणीतरी लागेल.

येताना ते चित्र भिंतीवरून काढून आण. तिथले डॉक्टर परत विचारतील, कधीपासून दिसतंय. माझी जीभ परत खोट्याकडे वळेल, मला माझा भरवसा नाही. तेव्हा तू चित्र पालथं करून तारीख त्यांच्यापुढे धर. माझ्याकडे बघत बसू नकोस, आधी धर.

सोबत दुसरं चित्र घातलंय. आजच केलं, ठमी फुटपट्टी चावत असताना. घाईचं आहे, कान नीट झाला नाही, केसही मीच केलेत. पण डाव्या डोळ्यात मधोमध कागद कोरा सोडलाय, जिथे दिसतं तिथेच, जेवढं दिसतं तेवढंच. हे भिंतीवर लावू नकोस.

काका उठले. पाकीट तेच टाकून येतो म्हणतायत.

तुझी धाकटी.
मी बघितलं होतं, ताई. पहिल्याच दिवशी बघितलं होतं.