एक डोळा अजून बाकी आहे

उमरेडच्या घरी सौ. गोपिकेले नागपूरहून जागेश्वरचा आशीर्वाद.

ऑपरेशन चांगलं झालं, काळजी करू नको वं. हे पत्र माह्याच हातानं लिहून राहिलो. डोळा थोडा खुपते, पण चालते.

डॉक्टरीणबाईनं मोतीबिंदू काढून प्लास्टिकचं भिंग बसवलं. इतकं नरम, का घडी करून बारीक चिरेतून आत सारते, अन् आत ते आपोआप उलगडते. मी म्हटलं, आमच्या लुगड्यावाणी. बाई हासल्या. दुसरा डोळा दिवाळीनंतर.

काल पट्टी निघाली. तोंड पुसाले तू बांधून दिलेला दुपट्टा घेतला, मीच विणलेला. पाहतो तं काठाशी सुईनं भरलेले धागे. एक नाही, सतरा जागी. मागावर मले न दिसलेल्या चुका.

मी गावभर सांगत फिरलो, जागेश्वरचा हात अजून चुकत नाही. तू बाजूलेच उभी राहे अन् चूप. काहून वं?

तुह्या गुडघ्याचं कसं आहे? आपली पोरगी प्रणाली इथं रोज विचारते.

मंगळवारी येतो. सुई मात्र आता लपवू नको, माह्यासमोर भरत जा. एक डोळा अजून बाकी आहे.

जागेश्वर