तिसरी ढेप

म्हसवड, ता. १२ जानेवारी १९७६

माझ्या नातीला तुमी भर जत्रंत ताजव्यात बसवली आणि गावाम्होरं तिचं हसं केलं. हे आधी लिवते, रामराम मागनं.

सौ. विहीणबाई धोंडुबाई यांस राहीबाईचा रामराम. बनूची पाळी तीन महिने चुकली, तर तुमी दिवस गेले म्हणून मोकळ्या झाला. एका सुईणीला इचारलं न्हाई. सून गरवार राहिली तर सिद्धनाथाला तिच्या भारंभार गूळ बोलला हुता, तो फेडायची लय घाई. दोन ढेपा चढवल्या तरी पारडं जागचं हाललं न्हाई. तिसरी ढेप ठेवली तवा पोर उचलली. बाया तोंडाला पदर लावून हसत हुत्या, आणि तुमी सांगत हुता, आमच्या घरात सून अशी पोसत्यात. आता सांगलीची डॉक्टरीण म्हणती पोटात काय न्हाई. मग देवानं गूळ खाल्ला कशापायी?

पोरगी बी बैलावानी. म्होरं ठेवलं की खाल्लं. तिला माझा आशीर्वाद सांगू नका, नुसतं राहीबाईनं थू केलं म्हणून सांगा.

कळावं. माया हाय तेवढी ऱ्हाऊ द्या, वाढवायच्या भानगडीत पडू नका.

राहीबाई

मळीवाडी, जि. सांगली, ता. ३ फेब्रुवारी १९७६

श्रीमती राहीबाई यांसी धोंडुबाईचा सा. न. वि. वि. पत्र पोचले. आमच्या गावच्या मास्तरांकडून उत्तर लिहवून घेत आहे, म्हणून आपल्यासारखी भाषा जमणार नाही.

आपली नात आणली तेव्हा तिच्या गळ्याची हाडे मोजता येत होती. भावकी हसली की धोंडुबाईने लेकाला, लालासाहेबाला, काठी करून दिली. म्हणून मी स्वतः शेजारी बसून वाढले. तूप, काकवी, दुधातल्या शेवया, काही कमी केले नाही. आपल्याकडची भूकच आमच्या घरी नांदायला आली होती, तिला आम्ही जेवू घातले. पाळी चुकल्यावर दोन जिवांची म्हणून दुप्पट वाढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगावर चरबी फार चढली की बाईच्या शरीरातले हार्मोन नावाचे रस बिघडतात, अंडे वेळेवर सुटत नाही, पाळी थांबते. वजन उतरवा म्हणाल्या. तेव्हा मी फडताळाला कुलूप घातले आहे.

लालासाहेब पलटणीतून दिवाळीला रजेवर येईल. तोवर काही झाले नाही, तर त्याच्यासाठी माझ्या भावाची लेक मनुबाई तयार आहे. बनूने गोठा सांभाळावा. घराबाहेर काढण्याएवढे आम्ही वाईट नाही.

लोभ आहेच, तो आपल्या वागण्यावर टिकेल.

धोंडुबाई

मळीवाडी, ता. १९ मार्च १९७६

ती. आजीस बनूचा शि. सा. न.

हे पत्र शेजारच्या अख्तरबीकडून पेटीत टाकते आहे. सासूबाईंकडं दिलेलं पोचत नाही. ह्यांना चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही.

आजी, तू थुंकलीस ते कळलं. पण मी हावरट म्हणून खाल्लं नाही गं. एक घास ताटात ठेवला की सासूबाई म्हणायच्या, माणच्या दुष्काळात असंच टाकत होतीस का? मग मी ताट पुसून खायचे. आता दिवसाला अर्धी भाकरी आणि मीठ. सगळे जेवताना मला समोर बसवतात, बघायची सवय व्हावी म्हणून. उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते. केस मुठीनं येतात. पाळी अजून नाहीच.

पोट भरलं का रिकामं आहे, हे मला आता कळतच नाही.

रागवायचं तर रागव, पण मला विसरू नकोस.

तुझी बनू

म्हसवड, ता. १० सप्टेंबर १९७६

पोरगी परत मागताना तुमच्या मास्तरचा हात कसा कापला न्हाई, ते आधी सांगा.

विहीणबाईस रामराम. तिचं पत्र आल्यावर माझ्या अर्जुनानं पुतणीला आणली तवा ती यष्टीतनं उतरली न्हाई, उतरवावी लागली. दुष्काळात खडी फोडताना आमच्या बायांच्या पाळ्या सुकल्या हुत्या. ती काय चरबी हुती व्हय? उपासमार बी तेच करती. डॉक्टरीण वजन उतरवा म्हणाली, पोर उतरवा म्हणाली न्हवती. आधी पोत्यावानी भरली, मग पोत्यावानी झाडली. बाईचं अंग म्हंजे तुमचं गुऱ्हाळ न्हवं.

मी तिचे लाड केले न्हाईत. म्हस म्हणूनच हाक मारली. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, ताक, आणि दिसभर मेंढरांमागं चालायचं. पहिल्यांदा ती वाढ म्हणून माझ्या तोंडाकडं बघायची. मी टोपलं म्होरं सारलं आणि पाठ फिरवून बसले. रडली. मग एक भाकरी घेतली, निम्मी मागं ठेवली, तवा मी जेवले. आखाडात पाळी आली, श्रावणात आली, आता बी आली. मी आरती केली न्हाई, फडकी धुवायला लावली.

हे कुठनं तरी तुमच्या कानावर गेलं, म्हणून आता सून गोड झाली. न्हाई धाडली तर मनुबाईला उभी करणार म्हणता. करा की. तिला बी जेवाय घाला, गूळ काय तुमच्याकडं कमी न्हाई.

बनू रोज पोष्टमनच्या वाटंला बसती. तुमचं पत्र आलेलं मी तिला सांगितलं न्हाई. लालासाहेबानं सवताच्या हातानं लिवावं, की बनूचं ताट बनूच वाढून घेईल, त्यात माझ्या आईचा हात पडणार न्हाई. मग मी धाडीन. दसऱ्यापतूर त्याचं अक्षर आलं न्हाई, तर मी तिला सांगंन, तुझा नवरा पलटणीत मेला. कुंकू पुसंल. चार दिस रडंल. मग टोपल्यातनं आपल्या हातानं भाकरी घेईल आणि जेवंल.

ह्याचं उत्तर त्यानंच द्यायचं. तुमी न्हाई, तुमच्या मास्तरनं न्हाई.

राहीबाई