आबांचा रोजचा रिपोर्ट

तासगाव,
९ फेब्रुवारी २०२५

चि. जयराज,
अनेक आशीर्वाद. मी खुशाल. तूही असशीलच, फोन न उचलणारी माणसं बहुधा खुशालच असतात.

ही चिठ्ठी लालासाहेबमामांच्या हाती साताऱ्याला पाठवतेय. वाटेत ते फोडून वाचतीलच. मामा, तुम्हालाही नमस्कार.

आबा दवाखान्यात गेले तेव्हा ‘आबांची तब्येत’ हा ग्रुप काढला. एकेचाळीस जणांना रोज तेच तेच कोण सांगणार? पहिल्याच दिवशी लिहिलं, क्रिएटिनिन वाढलंय. बायडामावशींनी टाळ्या पाठवल्या. वाढलंय म्हणजे चांगलंच, असा त्यांचा समज. बाकीच्यांनी हात जोडले. तू काहीच पाठवलं नाहीस.

पण वाचतोस. मेसेज कुणी वाचला त्याची यादी दिसते रे फोनवर. मी सकाळी सहाला लिहिते, सहा वाजून दोन मिनिटांनी तुझं नाव. सगळ्यांच्या आधी.

आबांनाही ते ठाऊक आहे. सुभेदारकी सुटली, सवय सुटली नाही. चहाच्या आधी विचारतात, “पोचला का रिपोर्ट?” कुणाला, ते विचारत नाहीत. मी यादी समोर धरते. तुझ्या नावावर बोट ठेवतात आणि स्क्रीन विझेपर्यंत उचलत नाहीत.

आता जे लिहायचं टाळतेय ते. गेले वीस दिवस रिपोर्ट आबाच सांगतात. “लिव, जेवण चांगलं, झोप चांगली. पोराला घोर नगं.” मी लिहीत गेले, तू वाचून निश्चिंत राहिलास. तो दोष माझा. चार दिवस झाले, जेवण बंद आहे, जयराज. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. तेही आम्ही ‘डिस्चार्ज मिळाला’ असं लिहिलं. बायडामावशींनी पुन्हा टाळ्या पाठवल्या.

तू ट्रेनिंग अर्ध्यात सोडून आलास तेव्हा ते म्हणाले होते, “तोंड दाखवू नगंस.” फौजेतला एक हुकूम तुला पाळवला नाही, घरातला हा मात्र अकरा वर्षं पाळलास.

आज यादी धरली तर त्यांना अक्षरं दिसेनात. म्हणाले, “ऱ्हाऊ दे. त्याला लिव, हुकूम मागं घेतला.” मी ग्रुप उघडला.

“तितं न्हाई. हुकूम लेखी जातो.”

म्हणून हा कागद. खाली वाकडी रेघ आहे, ती शाई सांडलेली नाही. आबांची सही आहे.

मामा दुपारच्या एसटीनं परत निघतील. त्यांच्या शेजारी बस.

वाट बघणाऱ्या दोघांपैकी एक,
तुझी अक्का