न निघणारा ड्रम

मंगळवार, ३
बाबांची गाडी माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पेडल फार खाली जातं. बाबा म्हणाले, मिस्त्रींना दाखवू. मी नको म्हटलं. लॅबमध्ये दिवसभर लोकांची मोजमापं तपासते. घरच्या चार चाकांसाठी बाहेरचा माणूस कशाला? रविवारी आई-बाबा याच गाडीने डोंगर उतरून आत्याकडे जाणार. पाच दिवस. भरपूर.

बुधवार, ४. संध्याकाळी ६.४०
पूर्ण दाबल्यावर पेडल आणि तळ यांत अंतर २२ मि.मी. पुढच्या चाकांचे ॲडजस्टर, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे शू जवळ आणणारे स्क्रू, तीन-तीन घरं घट्ट केले. अंतर ४५. विषय संपला. उजव्या चाकातून किरकिर येते. धूळ.

गुरुवार, ५
शूवरचे लायनर, म्हणजे झिजणारी अस्तरं, किती उरलेत ते बघायला उजवा ड्रम काढायला गेले. निघेना. हातोडीने चौफेर ठोकला. जरा पुढे येतो आणि अडतो. इतका घट्ट, म्हणजे आत लायनर जाड. झिजला असता तर अलगद हातात आला असता. निष्कर्ष: ड्रम उत्तम.
गल्लीच्या खालच्या टोकाला गॅरेज असलेले मिस्त्री येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, आधी ॲडजस्टर सैल करा, मग बघा." मी म्हटलं, सेटिंग बिघडेल. ते "हं" म्हणाले. "हं"ला एकक नसतं. नोंद घेतलेली नाही.

शुक्रवार, ६
अंतर पुन्हा २४. आणखी सहा घरं घट्ट. किरकिर गेली, आता खरडल्यासारखा आवाज. प्रगती. जेवताना आई म्हणाली, आपण बसनेच जाऊ या. बाबा म्हणाले, "अगं, पोरीने बघितलंय ना!" मी आणखी एक पोळी वाढून घेतली.
मिस्त्रींनी गल्लीच्या उताराच्या शेवटी, वळणावर जुन्या टायरांची रांग लावली आहे. भर रस्त्यात अडगळ.

शनिवार, ७
गल्लीत चाचणी. वेग वीस. पहिल्यांदा सहा मीटरवर थांबली, दुसऱ्यांदा दहा. तिसऱ्यांदा मोजलं नाही. टेप गुंडाळून ठेवली होती. गाडी डावीकडे ओढते. रस्ताच तिरपा आहे. उजवा ॲडजस्टर आता फिरतच नाही, म्हणजे अचूक बसला.
बाबांनी थट्टेने लेखी मागितलं. दिलं: ब्रेक तपासले, ठीक आहेत. सही, तारीख. त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं.
टायरांची दुसरी रांग लागली. सोमवारी तक्रार करणार.

रविवार, ८. सकाळी ८.०५
आई-बाबा निघाले. मी फाटकातून बघतेय. उतारावर गाडीच्या मागचा ब्रेकचा दिवा लागला. लागलेलाच राहिला. गाडी थांबत नाही

सकाळी ९.३०
थांबली. टायरांच्या दुसऱ्या रांगेत. कोणालाही खरचटलं नाही. आईच्या मांडीवरचा डबासुद्धा उघडला नाही.
मिस्त्रींनी ॲडजस्टर सैल केला. ड्रम दोन मिनिटांत हातात. आत ब्रेकच्या शूने खोल चर पाडलेला, कडेला न झिजलेला काठ उरलेला. शू त्या काठालाच अडत होता. म्हणाले, "झिजला होता म्हणूनच निघत नव्हता, ताई." लायनर उरलाच नव्हता. नुसतं लोखंड.
मग म्हणाले, "मोजायचंय?" व्हर्निअर माझ्या खिशातच होता. काठ २.३ मि.मी.
बाबांनी खिशातला कागद माझ्या हातात दिला, आईची पिशवी उचलली आणि तिच्या मागून बसथांब्याकडे चालू लागले.
सही माझीच आहे. तारीखही बरोबर आहे.