तयार मिस्त्री मिळणार नाही

कोल्हापूर, माघ, सन १९५४

मुरगूडच्या भातगिरणीचे मालक आणि आमचे धाकटे मेहुणे शिवाप्पा यांस महालिंगाचा सप्रेम शरणार्थ. इकडे सर्व ठीक. तुमच्या अक्का (म्हणजे आमच्या घरच्या) गुडघ्याने बेजार आहेत, तोंडाने नाहीत. तुमचा खोकला कसा आहे? गिरणीतला कोंडा नाकात जाऊ देऊ नका.

तुम्ही लिहिलंत, इंजिन सांभाळायला तयार मिस्त्री पाठवा, तुमचा कृष्णात दिला तरी चालेल. पावणं, चालेल म्हणजे काय? आम्ही ओततो त्या इंजिनांची जोडणी तो करतो. तो गेला तर माझा कारखाना लंगडा होईल. तालमीतला पोरगा कुस्ती मारण्याआधी कित्येक वर्षं नुसता दूध पितो आणि माती उकरतो; वस्ताद त्याला रोज विचारतो का, आज काय कमावलंस म्हणून?

आमच्या कारखान्यात अवसेला ओतकामाची भट्टी पेटत नाही. माणसं यंत्रं पुसायची आणि तंबाखू मळत बसायची. मला वाटलं, त्या दिवशी प्रत्येकाने दुसऱ्याचं काम शिकावं. तर ओतकाम करणारा बाळासो म्हणाला, "मालक, आवस हाय. आज नवं काय शिकायचं न्हाय." मी म्हणालो, शिकू नका, नुसतं बघा, हात आपोआप हलले तर हलू देत. एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

मग कारकून नृसिंह कानस घेऊन बसला (लोखंड राहिलं, नख घासलं), मी साच्यात वाळू ठोकायला बसलो आणि बाळासोला माझ्या गादीवर बसवलं. तेवढ्यात कोडोलीचे हंबीरराव आले. उसाच्या चरकाच्या चाकासाठी ते महिनाभर खेपा घालत होते आणि मी 'उद्या' म्हणत होतो. बाळासो सरळ म्हणाला, "चाक फुटलं पावणं, माझ्याच हातनं. पुन्हा वतायचं हाय." मी वाळूत तोंड खुपसलं. हंबीरराव म्हणाले, "हे आधी कुणी बोललं असतं तर माझ्या खेपा वाचल्या असत्या की," आणि आणखी एका चाकाचं काम देऊन गेले. (माझा चष्मा दुसऱ्या दिवशी साचा फोडून काढला.)

तेव्हापासून दर अवसेला हेच. माल बिघडतो, मी वैतागतो. पण आता गिऱ्हाईक का ओरडतं ते बाळासोला कळतं आणि कामाला उशीर का होतो ते नृसिंहाला. माणसावर घातलेला वेळ गुळाच्या काहिलीसारखा असतो, बराच वेळ नुसता फेस दिसतो. ज्याला तुम्ही तयार माणूस म्हणता, त्याच्यापायी कुणीतरी हा फेस बघत बसलेलं असतं. म्हणून कृष्णात मिळणार नाही.

आपला,
महालिंग

ता. क. लखोटा चिकटवतोय तोच कृष्णात आला. तुम्ही त्याला संक्रांतीलाच विचारलंत म्हणे. म्हणाला, "मालक, हितलं मला समदं येतंय. तिथं अख्खी गिरणी माझ्या हाती देत्यात." मी रागाने विचारलं, मग जोडणी कोण करणार? त्याने आत बोट दाखवलं. आत इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. बाळासोने जोडलं होतं. (मागच्या कित्येक अवसांना तो कृष्णातच्या शेजारी बसत होता, आणि मला वाटायचं गप्पा मारतोय.)

आणखी एक. सोमवारच्या मोटारीने त्याला पाठवतो. मागणं एवढंच, की त्याला एकट्याला इंजिनाला जुंपू नका. तुमची दोन माणसं त्याच्या हाताखाली द्या आणि थोडं भात बिघडलं तर बिघडू द्या. ते जमणार नसेल तर तो कंटाळून परत येईल, आणि आला तर मी तुम्हाला कळवणारसुद्धा नाही.