बाबांच्या फिल्टरमधला स्पंज

ती. शुभाआत्यास, बोरिवलीहून गंधालीचा वाकून नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? कुडाळचे सगळे बरे असतील. आम्हीही ठीक आहोत (असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं, पुढे वाच).

माझ्या सासऱ्यांना, काशीरामबाबांना, जाऊन दीड महिना झाला. त्यांच्यामागे हॉलमधली काचेची टाकी आणि तीन गोल्डफिश माझ्या गळ्यात पडले. बाबा रोज दुपारी चारला टाकीच्या डाव्या कोपऱ्याशी उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि मग दाणे टाकायचे. सासूबाई वीस वर्षांत तिकडे फिरकल्या नाहीत. त्यांना मासा फक्त ताटातला माहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर मी फिल्टर उघडला. आत काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज, त्याखाली चिनी मातीच्या शेवाळलेल्या नळकांड्या. घाण दिसली की माझे हात शिवशिवतात, तुला ठाऊक आहे. सगळं ओल्या कचऱ्यात टाकलं आणि नवाकोरा पांढरा स्पंज, नव्या नळकांड्या, वर कोळशाची पुडी अशी झकास मांडणी केली. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरं आणि मासे वर तोंड काढून धापा टाकतायत.

कांदिवलीच्या शोभेच्या माशांच्या दुकानातल्या सिद्धेशला सगळं सांगितलं. मग त्याने समजावलं की ती घाण नव्हती, त्यात बॅक्टेरिया राहतात आणि माशांच्या विष्ठेचं विष तेच पचवतात. नवा स्पंज म्हणजे रिकामं घर, वस्ती व्हायला महिना लागतो. जुना स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा, नळाखाली धरला तर क्लोरीनने सगळे मरतात. जुना असेल तर आजच लावा, म्हणाला. आमची कचऱ्याची गाडी केव्हाच गेलेली.

घरी आले तर चारच्या ठोक्याला फिल्टरमधून घसा खाकरल्याचा आवाज. हर्षद म्हणाला, हवा अडकली असेल (नवऱ्यांना सगळीकडे हवाच दिसते). मी फिल्टर उघडून परत बसवला. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी सोसायटीत केबलचं काम निघालं आणि साडेतीनला लाइट गेली. फिल्टर बंद. आज तरी शांतता, म्हणून मी चहा घेऊन बसले. चारला कुणीतरी खाकरलं. अर्धमेले तिन्ही मासे एकदम वळले आणि डाव्या कोपऱ्याशी जाऊन थांबले. तिथे कुणी नव्हतं. आत्या, मी कप टाकून पळाले आणि पहिलं दार दिसलं त्यात शिरून कडी लावली. ते सासूबाईंचं बाथरूम.

अंधारात माझ्या पायाशी काहीतरी बुडबुडत होतं. मोबाइलचा उजेड पाडला तर झाकलेली बादली. झाकण उचललं. टाकीतलं पाणी, त्यात बाबांचा सेलवर चालणारा हवेचा पंप, आणि मी फेकलेला स्पंज. नळकांड्यासुद्धा.

दार उघडलं तर सासूबाई समोरच उभ्या.

"हे तुम्ही कचऱ्यातून काढलंत?"

"ह्यांनीच सांगितलं गं. जुनं टाकू देऊ नको म्हणाले. रोज चारला दोन दाणे टाक म्हणाले."

मी बादली उचलून टाकीपाशी आणली. दोघींनी मिळून स्पंज बसवला. सासूबाईंनी कोपरापर्यंत हात घातला, जणू वीस वर्षं तेच करत आल्यात. तीन दिवसांत पाणी निवळलं आणि मासे खायला लागले.

तुझी,
गंधाली

ता.क. हर्षदला बादलीचं सांगितलेलं नाही. त्याच्या मते हवा निघून गेली.

ता.क. आणखी एक. स्पंज बसवल्यापासून आवाज बंद आहे. आज नववा दिवस. सासूबाई चारला स्टूल घेऊन टाकीपाशी बसतात ते दिवेलागणीपर्यंत उठत नाहीत, आणि जेवण निम्म्यावर आलंय. तू देवळात गाऱ्हाणं घालतेस ना, आमच्याही नावाने घाल. बाबांना शांती वगैरे नंतर बघू. एकदा येऊन खाकरून जा म्हणावं. त्या वेळी मी बाथरूममध्ये बसेन.