डावा खांदा

बाबा, आज आंब्यावरून पडलेला एक माणूस माझ्याकडे आला. देवगडकडचा, तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयाचा. स्वतःच्या पायांनी चालत आला आणि सीटी स्कॅनच्या टेबलावर झोपा म्हटलं तर माझ्यावरच डाफरला, "पोटाचो फोटो कित्याक? दुखता माझो खांदो." बायको दारातून म्हणाली, "उंडेल चोळलंय डॉक्टरांनू, तरी उतरूक नाय." त्या तेलाचा वास खोलीभर झाला आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं.

तुम्हीही असेच आंब्यावरून पडून कुंपणाच्या गडग्याच्या चिऱ्यांवर डाव्या कुशीवर आपटला होतात. घरी येऊन पाटावर बसता, आईला म्हणता, "माका काय एक जावक नाय, जेवूक वाढ. खांदो तेवढो चोळ गो." आई चुलीवर उंडेल कोमट करते, चोळत राहते. आपल्याकडे मुका मार म्हटला की तेल, आणि तेलानं उतरलं नाही तर आणखी तेल. तुम्हाला बरं वाटलं, झोप लागली. तिसऱ्या दिवशी आंब्याच्या पेटीत पेंढा घालता घालता बसल्या जागी कलंडलात. डॉक्टर आले, हृदय म्हणाले. खांदा दुखत होता हे ऐकल्यावर तर त्यांना शंकाच उरली नाही.

आज शिरेतून औषध सोडलं आणि स्क्रीनवर त्या माणसाची प्लीहा उजळली. मधोमध काळी भेग, भोवती साचलेलं रक्त. ते रक्त छातीखालच्या पडद्याला टेकतं आणि दुखतो खांदा. खांद्याला काही झालेलंच नसतं. त्याला लगेच शस्त्रक्रियेला नेलं. वाचेल की नाही, अजून कळलेलं नाही. तुमचा स्कॅन कधी झालाच नाही, पण त्या भेगेकडे बघताना मला कळायचं ते कळलं. राग आला, तुमचाच. एकदा तरी पोट दुखतंय म्हणायचं होतं.

जेवताना आईला त्या माणसाचं सांगून बसले. तिचा घास हातातच राहिला. "तुज्या बापाशीचा पण तसाच नाय मां गो? मी आपली खांदो चोळीत रवलंय."

"नाय गो आई," मी म्हटलं, "तेंचा छातीचाच दुखणा होता. तुज्या हातान तेंका बरा वाटला."

यातलं शेवटचं तेवढं खरं. आईला वाचता येतं, म्हणून हे पत्र सकाळी चुलीत घालणार आहे. पण कधीतरी ती तुमच्यापाशी येईल आणि पहिलं हेच विचारेल. तेव्हा तुम्हीही छातीच सांगा.